पाच डॉलरचा मारिओ: जुन्या गेमच्या किमती आल्या कुठून?

१९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा गेम जेमतेम ४० किलोबाइटचा. आज मोबाइलवर काढलेला एखादा साधा फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट भरतो. एवढ्याशा फाइलीचे पैसे किती घ्यायचे, यावर गेमवाल्यांमध्ये जवळजवळ वीस वर्षं हुज्जत चालू आहे. मजा अशी की किंमत ठरवताना गेम चांगला की टुकार, हे कोणी फारसं पाहिलंच नाही.

नोव्हेंबर २००६मध्ये मारिओ बनवणाऱ्या जपानी निन्टेन्डो कंपनीचा ‘वी’ हा टीव्हीला जोडायचा कन्सोल बाजारात आला आणि त्यासोबत जुने गेम डाउनलोडसाठी विकणारं ‘व्हर्च्युअल कन्सोल’. अमेरिकेतले दर निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रांप्रमाणे सुटसुटीत होते: सगळ्यात जुन्या एनईएसचा गेम ५०० पॉइंटना, सुपर निन्टेन्डोचा ८००ला, निन्टेन्डो ६४चा १०००ला. १०० पॉइंट म्हणजे १ डॉलर. भाव यंत्राचा, गेमचा नव्हे. मारिओ ५००ला, आणि दोन माणसं फुटपाथवर नुसती गुद्दागुद्दी करत राहतात तो ‘अर्बन चॅम्पियन’ही ५००लाच. तांदूळ कोणता ते न बघता पोत्याच्या रंगावरून भाव लावावा, तसा प्रकार.

ही उतरंड आली कॅसेटच्या जमान्यातून. कॅसेटमध्ये मेमरीची चिप असायची. गेम मोठा, तर चिप महाग. सुपर निन्टेन्डोच्या काळात बडे गेम ६०-७० डॉलरपर्यंत जायचे, त्यामागे हे एक कारण होतंच. डाउनलोडमध्ये चिप उरली नाही, किमतीच्या पायऱ्या मात्र राहिल्या. वर आणखी एक गंमत: मारिओचा ‘लॉस्ट लेव्हल्स’ मूळ रूपात फक्त जपानमध्ये विकला गेला होता, म्हणून अमेरिकेत त्याचे ६०० पॉइंट. १०० जास्तीचे, ‘इम्पोर्टेड’ असल्याचे!

पॉइंट हीही एक युक्तीच म्हणायची. ते १०००च्या पटीत घ्यावे लागत. ८००चा गेम घेतला की २०० खात्यात लटकलेले, आणि तेवढ्यात एकही जुना गेम येत नसे. मायक्रोसॉफ्टचा हिशोब तर त्याहून तिरका, ८० पॉइंटला १ डॉलर. २००६मध्ये त्यांच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवर ‘पॅक-मॅन’ ४०० पॉइंटना मिळायचा, म्हणजे चक्क ५ डॉलरना. ४०० वाचून हे पटकन लक्षात येत नाही, आणि यायला नकोच होतं.

२०१३मध्ये वीनंतरच्या ‘वी यू’ या कन्सोलवर तेच गेम पुन्हा विकायला आले. वीवर आधी घेतलेला एनईएसचा गेम नव्या यंत्रावर नीट चालवायचा तर आणखी १ डॉलर, सुपर निन्टेन्डोचा असेल तर दीड. रक्कम किरकोळ, पण एकदा विकत घेतलेल्या वस्तूचे परत पैसे मागितले याचा राग लोकांच्या मनात राहिला. माझ्या मते तो रास्त होता.

मग निन्टेन्डोने सुटी विक्री जवळपास गुंडाळलीच. सप्टेंबर २०१८मध्ये ‘स्विच’ या त्यांच्या पुढच्या कन्सोलवर वर्षाला २० डॉलरची वर्गणी सुरू झाली, तिच्यासोबत एनईएसचे २० गेम. ऑक्टोबर २०२१मध्ये निन्टेन्डो ६४चे आणि सेगा या दुसऱ्या कंपनीचे गेम आले, पण त्यांच्यासाठी वर्गणी ५० डॉलर. वर्गणी थांबली की गेमही बंद. दरम्यान २०२०मध्ये मारिओचे तीन जुने गेम एकत्र बांधून ६० डॉलरना विकले, तेही ३१ मार्च २०२१पर्यंतच. जुनी ऑनलाइन दुकानंही मिटली: वीचं जानेवारी २०१९मध्ये, वी यूचं मार्च २०२३मध्ये.

आपल्याकडे या वादाची झळ उशिरा लागली. नव्वदच्या दशकात आपण मारिओ खेळलो तो ‘९९९९ इन १’ छापलेल्या नकली कॅसेटवर. यादी खाली सरकवत गेलं की तेच पंधरा-वीस गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. अशा पिढीसमोर सोनीने जून २०२२मध्ये आपल्या प्लेस्टेशन कन्सोलसाठी जुन्या गेमसह ‘डिलक्स’ वर्गणी ठेवली, तेव्हा ती महिन्याला ८४९ रुपये होती.

सुटे गेम विकणारे अजून आहेत. जपानची हॅम्स्टर कंपनी ‘आर्केड आर्काइव्ह्ज’ या नावाखाली जुने आर्केड गेम (दुकानातल्या मशीनमध्ये नाणं टाकून खेळायचे ते) साधारण ८ डॉलरना एक असे विकते. २०२१मध्ये त्यात ‘पॅक-मॅन’ आला. तोच १९८०चा, त्याआधी पंधरा वर्षं ५ डॉलरना मिळालेला.