पामीरची शेगडी आणि मेंदूतला ‘आनंद’

चीनच्या पश्चिम टोकाला, पामीरच्या पठारावर, जिरझंकाल नावाची सुमारे २,५०० वर्षांपूर्वीची दफनभूमी आहे. तिथल्या थडग्यांत शेगड्या सापडल्या, त्याही लाकडाच्या! त्यांत तापवलेले गोटे ठेवायचे आणि वर पाला टाकायचा. आतली बाजू करपून काळी झालेली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दहापैकी नऊ शेगड्यांत गांजाचे अंश निघाले, तेही कडक वाणाचे. रानटी झाडांत टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, एरवी फार थोडं असतं.

मग इतका कडक माल त्या उंचीवर आला कुठून? त्याच दफनभूमीत रेशीम, काचेचे मणी आणि पश्चिमेकडच्या घडणीचं हार्पसारखं तंतुवाद्य मिळालं. पुरलेल्यांपैकी काहीजण परमुलखातले होते, हे त्यांच्या सांगाड्यांतल्या स्ट्रॉन्शियमवरून कळतं (हे मूलद्रव्य खाण्यापिण्यातून हाडादातांत उतरतं आणि मुलखागणिक त्याची घडण वेगळी असते). पुढे रेशीम मार्ग म्हणून गाजलेल्या वाटा इथूनच जायच्या. व्यापाराबरोबर बी आणि धुरी घेण्याची रीत, दोन्ही फिरली असावीत. मला हे पटतं, कारण प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनेही काळ्या समुद्राकडच्या भटक्या सिथियन लोकांबद्दल हेच लिहून ठेवलंय: तंबूत तापल्या दगडांवर भांगेच्या बिया टाकतात आणि खुशीत आरोळ्या ठोकतात.

आता मेंदूत शिरू. दोन चेतापेशींमध्ये बारीक फट असते. एक पेशी रसायन सोडते, दुसरी झेलते. पंगतच ती, एक वाढणार, दुसरी जेवणार. पोट भरलं की आपण पानावर हात आडवा धरतो. तशी जेवणारी पेशी काही रेणू उलटे धाडून ‘बास’ म्हणते. असा पहिला रेणू १९९२ मध्ये जेरुसलेमला राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून वेगळा केला गेला. नाव ठेवलं आनंदामाइड, थेट संस्कृत ‘आनंद’वरून.

टीएचसी त्याच्याच जागेवर, त्याच रिसेप्टरवर (पेशीवरची रेणू झेलणारी जागा) जाऊन बसतं. आनंदामाइड गरजेपुरता तयार होतो आणि एक एन्झाइम लगेच त्याचे तुकडे करतं. टीएचसी त्या एन्झाइमला दादच देत नाही. अख्ख्या पंगतीच्या पानांवर, भुकेल्यांच्याही, कुणी तासन्‌तास हात धरून बसावं तसं होतं. श्वास चालवणाऱ्या भागात हे रिसेप्टर मोजकेच. म्हणून अफूच्या जादा मात्रेने श्वास बंद पडतो, तसं गांजाने सहसा होत नाही. पण आठवणी जुळवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये ते खच्चून भरलेत. धुळवडीला भांग चढलेला माणूस किस्सा रंगात आणतो आणि मध्येच थांबून विचारतो, “मी काय सांगत होतो?”