आई-बाबांच्या जिवाला घोर लागतो तेव्हा
नाशिकमधील आमच्या घरपोच सोबत सेवेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

'आईला चिंतेचा आजार झालाय' असं सांगून आम्हाला सहसा कुणी फोन करत नाही. 'बाबा आता घराबाहेरच पडत नाहीत', 'रात्री तीनदा उठून गॅसचं बटण बघतात', 'छातीत धडधडतं म्हणते, पण ईसीजी चांगला आलाय' असं मुलं सांगतात. ज्येष्ठ मंडळीही 'मला भीती वाटते' असं क्वचितच म्हणतात. जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो, अन्न गोड लागत नाही, पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही, असं म्हणतात. मग घरचे एकतर दवाखान्याच्या फेऱ्या मारत राहतात, नाहीतर 'वयच झालंय' म्हणून सोडून देतात. वय झालं म्हणून सतत घाबरत जगावं लागतं, हे आम्हाला मुळीच पटत नाही. यावर उपचार आहेत आणि सत्तरीनंतरही त्यांचा गुण येतो.

आधी डॉक्टरांकडे जाऊन या. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असली, हृदयाचे ठोके अनियमित असले किंवा मधुमेहाच्या गोळीने साखर उतरली, तर अशीच धडधड होते. दम्याच्या पंपाने, काही सर्दीच्या गोळ्यांनी, स्टिरॉइडने आणि दिवसभराच्या चहानेही होते. म्हणून घरातली सगळी औषधं, आयुर्वेदिक चूर्णासकट, एका पिशवीत घालून सोबत न्या. कानही तपासून घ्या. नीट ऐकू येत नसलं की शेजारच्या खोलीतलं बोलणं कुजबुजीसारखं वाटतं आणि मनात नको ते येतं. छातीत दाब, घाम किंवा हाताकडे, जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर चिंता आहे की काय याचा विचार करत बसू नका, लगेच १०८ला फोन करा.

झोपेच्या गोळीबद्दल स्पष्टच सांगतो. अल्प्राझोलामसारख्या गोळीने लवकर बरं वाटतं, पण उतारवयात तिने तोल जातो, माणूस पडतो, गोंधळतो आणि गोळीची सवय लागते. शेजारच्या काकूंना लागू पडली म्हणून आईला देऊ नका. आधीपासून चालू असेल तर एकदम बंदही करू नका. ती हळूहळू कशी कमी करायची ते डॉक्टरच ठरवतील.

आमच्याकडच्या एका आजींचं उदाहरण देतो. इंदिरानगरच्या या आजी बाथरूममध्ये घसरल्या. हाड मोडलं नाही, पण धसका बसला. पुण्याचा मुलगा काळजीने म्हणाला, 'आता खाली उतरू नकोस, सगळं घरपोच मागव.' दोन महिन्यांत आजी दाराच्या उंबऱ्यापर्यंत यायलाही कचरू लागल्या. आमच्याकडून सोबतीला जाणारी ताई पहिल्या दिवशी दार उघडून त्यांच्याबरोबर जिन्याजवळ खुर्ची टाकून नुसती बसली. चार दिवसांनी एक मजला. मग गेट. गेटपाशी आजींच्या छातीत धडधडायला लागलं, तेव्हा ताई 'काही होत नाही हो' असं म्हणाली नाही. 'धडधडतंय ना? थांबू या इथेच. घरी जायची घाई नाही,' असं म्हणाली. दोघी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने धडधड आपोआप उतरली.

सगळी मेख इथेच आहे. भीती चढते तशी उतरतेही, पण ती उतरेपर्यंत तिथे थांबावं लागतं. घाबरून घरी पळालं की 'घरी आलो म्हणून वाचलो' हेच मनात पक्कं बसतं. दीड महिन्याने आजी भाजीच्या गाडीवर गेल्या आणि पानं पिवळी आहेत म्हणून कोथिंबिरीची पहिली जुडी त्यांनी परत केली. त्या दिवशी ताईने मुलाला आपणहून फोन केला.

घरी तुम्हालाही बरंच करता येईल. चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं रोज पाच मिनिटं करायला लावा, तेही मन शांत असताना. ऐन घाबरलेपणात नवीन काही शिकता येत नाही. दिवसातून दहादा 'पोचलास का?' असा फोन येत असेल, तर रात्री साडेआठची एक वेळ ठरवा आणि ती चुकवू नका.

काही काळज्या खऱ्याच असतात. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पंचवटीतल्या घरांत गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं याचीच चर्चा असते. अशा वेळी 'उगाच घाबरू नका' म्हणण्यापेक्षा औषधं, कागदपत्रं आणि टॉर्च यांची पिशवी भरून ठेवा, कुणाकडे जायचं ते ठरवा आणि मग टीव्ही बंद करा. पोलीस असल्याचं भासवून फोनवरून दिल्या जाणाऱ्या 'डिजिटल अटके'च्या धमकीचंही तसंच. अशी अटक कायद्यात नाहीच. फोन ठेवून सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करायची, हे मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटवा. कुणी फसलंच तर रागावू नका. लाजेने माणूस पुढच्या वेळी सांगतच नाही.

आम्ही डॉक्टर नाही. आमची ताई किंवा दादा सोबत करतात, चालवतात, बोलतात, औषधाची वेळ पाळतात. गोळी स्वतःहून बदलत नाहीत. रात्री-अपरात्री मन फारच अस्वस्थ झालं, जगणं नकोसं वाटतंय असं बोलणं आलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ आहे.

आम्हाला बोलावण्याआधी आई-बाबांना विचारा. न सांगता माणूस दारात उभा केला तर त्यांना वाटतं, आपल्यावर पहारा बसवला. पहिल्या दिवशी आमची ताई फक्त चहाला येते. त्यांना पटलं, तरच दुसऱ्या दिवसाचं ठरवू.