आयरिश राष्ट्रीयत्व आणि स्थलांतरितांचा प्रश्न

आयर्लंड प्रजासत्ताकात ‘आयरिश कोणाला म्हणावे’ या प्रश्नावरून, मुख्यतः १९९० नंतर, चाललेला सार्वजनिक वाद. नागरिकत्वाचा कायदा, आश्रयार्थींची निवासव्यवस्था, घरटंचाई आणि वंशद्वेष ही त्याची प्रमुख अंगे होत. दीड शतक माणसे बाहेर धाडणारा देश एका पिढीच्या आत बाहेरची माणसे घेणारा झाला, हे वादाचे निकटचे कारण. १८४१ च्या जनगणनेत संपूर्ण बेटाची लोकसंख्या ८० लाखांवर होती. १८४५ पासूनच्या बटाटा-दुष्काळात सुमारे १० लाख माणसे मेली आणि तितकीच किंवा त्याहून जास्त परदेशी गेली. गळती पुढेही चालू राहून १९६१ मध्ये प्रजासत्ताकात जेमतेम २८ लाख लोक उरले. २०२२ च्या जनगणनेत हा आकडा ५१ लाखांपुढे गेला. या प्रदेशाने ५० लाखांचा टप्पा १८५१ नंतर प्रथमच ओलांडला. रहिवाशांपैकी सुमारे २० टक्के परदेशात जन्मलेले, तर १२ टक्के बिगर-आयरिश नागरिक होते.

मूळ आयरिश कोण, याची चर्चा बहुधा ‘केल्ट’ (प्राचीन यूरोपातील एक लोकसमूह) या शब्दापासून सुरू होते. मात्र आयर्लंडच्या संदर्भात हा शब्द जुना नाही. आयरिश, वेल्श, ब्रेटन इ. भाषांचे एक कुल आहे, हे वेल्श भाषाभ्यासक एडवर्ड लुइड याने १७०७ मध्ये दाखविले. त्यांना ‘केल्टिक’ हे नाव रूढ झाले ते त्यानंतर. लोहयुगात केल्टांच्या टोळ्या बेटावर चालून आल्या, हे मत विसाव्या शतकात पाठ्यपुस्तकांतून स्थिरावले. तथापि एवढ्या मोठ्या आगमनाचा पुरावा उत्खननांत सापडत नाही, असे बरेच पुरातत्त्वज्ञ म्हणतात. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळील रॅथलिन बेटावरील कांस्ययुगीन सांगाड्यांच्या जनुकीय अभ्यासातून (२०१५) आजच्या आयरिश लोकांशी जुळणारा वंश इ. स. पू. सुमारे २००० पासूनच तेथे असल्याचे दिसते. त्यापूर्वीची नवाश्मयुगीन वस्ती वेगळ्या वंशाची होती. भाषा नेमकी केव्हा आली, हा प्रश्न यातून सुटत नाही. एकाच शुद्ध मुळाची कल्पना मात्र टिकत नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. खुद्द आयरिश परंपराही या बाजूची आहे. सामान्यतः अकराव्या शतकात संकलित झालेल्या ‘लेबर गबाला’ या पुराणकथासंग्रहात बेटाचा इतिहास म्हणजे एकामागून एक आलेल्या लोकांची मालिकाच आहे आणि गेलांचे (आयरिशभाषक लोकांचे) पूर्वज त्यात सर्वांत शेवटी, स्पेनहून येतात.

या वादात वारंवार उद्धृत होणारे दुसरे सूत्र म्हणजे ‘खुद्द आयरिशांहून अधिक आयरिश’. ११६९ पासून आलेल्या नॉर्मन सरदारांनी स्थानिक भाषा, वेश व चालीरीती उचलल्या, त्यांना उद्देशून ते वापरतात. बर्क (मूळ ‘द बर्ग’), फिट्झजेरल्ड, जॉइस ही आज अस्सल आयरिश समजली जाणारी आडनावे या लोकांची. सूत्र मध्ययुगीन असल्याचा समज रूढ आहे; पण त्याचे लॅटिन रूप सामान्यतः सतराव्या शतकातील पाद्री-इतिहासकार जॉन लिंच याच्याकडे नेतात, आणि तो ते गतकाळाविषयी लिहीत होता. समकालीन पुरावा उलट बाजूने बोलतो. किलकेनीच्या अधिनियमांनी (१३६६) इंग्रज वसाहतवाल्यांना आयरिश बोलणे, आयरिश नाव घेणे, खोगिराविना घोड्यावर बसणे, हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) खेळणे या गोष्टींची मनाई केली. मनाई करावी लागली, त्या अर्थी हे सर्व चालू होते. स्थलांतरितांचे समर्थक या उदाहरणातून आयरिश समाजाची सामावून घेण्याची ताकद सांगतात. विरोधकांना १६०९ नंतरची, बेटाच्या उत्तरेकडील अल्स्टरमधील ब्रिटिश वसाहत (‘प्लँटेशन’) आठवते. निदर्शनांत ऐकू येणारा ‘नवे प्लँटेशन’ हा शब्द तिथूनच आला आहे. वसाहतवादाविरुद्धची भाषा आश्रयार्थींविरुद्ध वळविणे हे आयरिश वादाचे खास वैशिष्ट्य म्हणता येईल. रोजच्या बोलण्यात ‘ब्लो-इन’ (वाऱ्याबरोबर आलेला) हा शब्द मात्र शेजारच्या काउंटीतून येऊन वीस वर्षे राहिलेल्या माणसालाही लावतात.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत गेलिक (आयरिश) भाषा आणि कॅथलिक पंथ या आयरिशपणाच्या दोन खुणा मानल्या गेल्या. परक्यांविषयीची वागणूक फारशी उदार नव्हती. तत्पूर्वी १९०४ मध्ये लिमरिक येथे ज्यू कुटुंबांवर बहिष्कार पडला होता. १९५६ च्या उठावानंतर आलेल्या हंगेरियन निर्वासितांना लिमरिकजवळच्या नॉकालिशीन छावणीत ठेवले. तेथील स्थितीला कंटाळून त्यांनी १९५७ मध्ये उपोषण केले व त्यांपैकी बहुतेक पुढे अन्य देशांत गेले. ट्रॅव्हलर या देशी भटक्या समाजाला वेगळा वांशिक गट म्हणून शासकीय मान्यता २०१७ मध्ये मिळाली.

नागरिकत्वाचा कायदा : वादाचा गाभा येथे आहे. १९५६ च्या अधिनियमाने बेटावर जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येकाला नागरिकत्व दिले. परदेशी जन्मलेल्या व्यक्तीचे आजी-आजोबांपैकी एक जरी बेटावर जन्मलेले असेल, तरी परदेशी जन्मनोंदवहीत नाव घालून तिला नागरिक होता येते. भूमी आणि रक्त हे दोन्ही निकष असे शेजारी नांदत होते. उत्तर आयर्लंडमधील संघर्ष मिटविण्यासाठी झालेल्या गुड फ्रायडे करारानंतर (१९९८) संविधानाचे दुसरे कलम बदलले. त्याआधीच्या मजकुरात संपूर्ण बेटाच्या भूमीवर हक्क सांगितला होता. नव्या मजकुराने बेटावर जन्मलेल्या प्रत्येकाचा आयरिश राष्ट्राचा घटक असण्याचा जन्मसिद्ध हक्क मान्य केला. हेतू उत्तर आयर्लंडमधील राष्ट्रवाद्यांना आश्वस्त करण्याचा होता. परिणाम असा झाला, की केवळ अधिनियमावर उभा असलेला जन्मभूमीचा हक्क घटनात्मक बनला.

याच सुमारास आर्थिक भरभराट (‘केल्टिक टायगर’) आणि आश्रयार्थींचे आगमन एकत्र आले. २००२ मध्ये आश्रयासाठी ११ हजारांवर अर्ज झाले. आयरिश नागरिक असलेल्या बालकाच्या परदेशी पालकांना सामान्यतः राहू द्यावे, असा फजुजोनू खटल्यातील (१९९०) निर्णयाचा अर्थ लावला जाई. जानेवारी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ संकुचित केला. पुढे चिनी दांपत्याच्या, बेलफास्ट येथे जन्मलेल्या मुलीचा चेन खटला यूरोपीय न्यायालयात गेला आणि न्यायमंत्री मायकेल मॅक्डॉवेल यांनी बाळाच्या जन्मावरून पालकांना वास्तव्य मिळण्याची पळवाट बंद करण्याची भूमिका घेतली. बाळंतपणासाठी परदेशी स्त्रिया येतात, हा युक्तिवाद गाजला. त्यासाठी दिलेल्या रुग्णालयीन आकड्यांविषयी मतभेद आहेत. घटनाबदल आपण मागितल्याचा समज डब्लिनच्या प्रसूतिरुग्णालयांच्या प्रमुखांनी नाकारला. ११ जून २००४ च्या सार्वमतात सत्ताविसावी घटनादुरुस्ती ७९ टक्के मतांनी संमत झाली. १ जानेवारी २००५ पासून, पालकांपैकी कोणीही आयरिश वा ब्रिटिश नागरिक किंवा कायम वास्तव्याचा हक्क असलेले नसल्यास, बाळाच्या जन्मापूर्वीच्या चार वर्षांपैकी तीन वर्षे त्यांतील एकाचे वैध वास्तव्य आवश्यक ठरले. आश्रय-अर्जाच्या प्रतीक्षेतील काळ त्यात धरत नाहीत. दुसरे कलम मात्र तसेच राहिले. त्यामुळे डब्लिनमध्ये जन्मलेले एखादे मूल राष्ट्राचा घटक आहे पण नागरिक नाही, आणि बॉस्टनमध्ये जन्मून आयर्लंड कधी न पाहिलेला नातू नागरिक होऊ शकतो, अशी विसंगती उरली. दुरुस्ती वंशवादी होती की प्रशासकीय, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मतदारांचा हेतू काहीही असो, तोल भूमीकडून रक्ताकडे झुकला एवढे निश्चित. (केवळ जन्मावरून नागरिकत्व देणे भारतानेही १ जुलै १९८७ पासून थांबविले.)

सार्वमताच्याच वर्षी, मे २००४ मध्ये, यूरोपीय संघात आलेल्या पूर्व यूरोपीय देशांच्या कामगारांना ब्रिटन व स्वीडन यांच्याबरोबर आयर्लंडनेही तत्काळ मुक्तद्वार दिले. २०२२ मध्ये सुमारे ९४ हजार असलेले पोलिश लोक हा परदेशी नागरिकांचा सर्वांत मोठा गट होय. वाद मात्र त्यांच्याभोवती क्वचितच फिरतो.

आश्रयार्थींची व्यवस्था : ‘डायरेक्ट प्रोव्हिजन’ या नावाने २००० मध्ये सुरू झालेल्या पद्धतीत राहणे-जेवण शासनाकडून आणि प्रौढास आठवड्याला १९.१० युरो हातखर्च मिळे. ही रक्कम २०१७ पर्यंत बदलली नाही. जुनी हॉटेले, मठ आणि मीथ काउंटीतील मॉस्नी येथील बटलिन कंपनीचा पूर्वीचा सुट्टी-तळ या कामी आले. आयरिश मध्यमवर्गाच्या लहानपणीच्या सहलींच्या आठवणी जिथल्या, तिथल्याच खोल्यांत आश्रयार्थी कुटुंबे वर्षानुवर्षे निकालाची वाट पाहत राहिली. नोकरीची सरसकट बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये घटनाबाह्य ठरविली. पद्धत २०२४ अखेर मोडीत काढण्याचे २०२१ च्या श्वेतपत्रिकेतील उद्दिष्ट साधले नाही. मार्च २०२२ नंतर युक्रेनमधून एक लाखाहून अधिक लोक आले आणि जागाच उरली नाही. २००८ च्या मंदीत घरबांधणी कोसळली होती, तिची ही किंमत. तात्पुरत्या निवाऱ्यातील बेघरांची संख्या २०२५ मध्ये १५ हजारांपुढे गेली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये डब्लिनच्या ईस्ट वॉल भागात एका कार्यालयीन इमारतीत आश्रयार्थी ठेवण्याविरुद्ध निदर्शने झाली व ‘आयर्लंड इज फुल’ ही घोषणा देशभर पसरली. ‘आम्हाला कोणी विचारलेच नाही’ ही स्थानिकांची तक्रार आणि संघटित वंशद्वेष यांत फरक करणे आवश्यक आहे. निदर्शनांत दोन्ही सरमिसळ झालेले दिसतात. २३ नोव्हेंबर २०२३ रोजी डब्लिनमधील पार्नेल स्क्वेअर येथे शाळेबाहेर चाकूहल्ल्यात तीन मुले व त्यांची देखभाल करणारी एक कर्मचारी जखमी झाली. संशयिताच्या मूळ देशाविषयीचे संदेश पसरताच सायंकाळी बस, ट्राम व पोलिसांच्या गाड्या जाळण्यात आल्या. डोक्यावरचे हेल्मेट काढून हल्लेखोराला पाडणारा डिलिव्हरी कामगार ब्राझीलमधून आलेला होता. पुढच्याच महिन्यात गॉलवे काउंटीत आश्रयार्थींसाठी ठरलेले एक हॉटेल जाळले गेले. तथापि नोव्हेंबर २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, स्थलांतरविरोध हाच मुख्य कार्यक्रम असलेल्या पक्षांना संसदेत एकही जागा मिळाली नाही. द्वेषमूलक गुन्ह्यांचा कायदा त्याच वर्षी झाला. द्वेषपूर्ण वक्तव्याविषयीचा भाग त्यातून वगळावा लागला.

भारतीय : २०२२ मध्ये भारतीय नागरिकांची संख्या सुमारे ४५ हजार होती, परिचर्या, वैद्यक व संगणकक्षेत्रांत ते प्रामुख्याने आहेत. २०१७ ते २०२० व २०२२ ते २०२४ या काळांत पंतप्रधान असलेले लिओ वराडकर यांचे डॉक्टर वडील मूळचे मालवण तालुक्यातील वराडचे. आई वॉटरफर्ड काउंटीतील. मराठी वृत्तपत्रांनी त्यांना कोकणचे सुपुत्र ठरविले, म्हणजे आयरिश कायद्यातील रक्ताचाच निकष लावला. वराडकरांची स्वतःची भूमिका सरळ रेषेतली नव्हती : २००८ मध्ये विरोधी बाकांवरून त्यांनी बेरोजगार स्थलांतरितांना पैसे देऊन मायदेशी पाठविण्याची सूचना केली होती. जुलै २०२५ मध्ये डब्लिनच्या टॅला उपनगरात व अन्यत्र भारतीयांवर हल्ले झाले. १ ऑगस्ट रोजी भारतीय दूतावासाने सावधगिरीची सूचना काढली. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांनी हल्ल्यांचा निषेध केला. त्या महिन्यात फिनिक्स पार्कमध्ये ठरलेला ‘इंडिया डे’ पुढे ढकलण्यात आला.