मुक्तिसंग्रामातल्या बायका: कागदावर आलेल्या आणि न आलेल्या

मराठवाडा १९४८ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातून मुक्त झाला, त्या आठवणीने दरवर्षी १७ सप्टेंबरला तिथे गावोगावी झेंडावंदन होतं. भाषणात स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ ही नावं झाली की बाईमाणसाचं नाव म्हणून दगडाबाई शेळके यांचं येतं. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या या बाईंना ‘मराठवाड्याची झाशीची राणी’ म्हणतात. घोड्यावर बसलेली, हातात शस्त्र असलेली बाई लोकांच्या लक्षात राहते. पण मुक्तिसंग्रामातल्या बहुतेक बायकांचं काम असं डोळ्यांत भरणारं नव्हतं, आणि नोंदींचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

१९३८ मध्ये निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, तरी निजामाने विलीनीकरण नाकारलं. कासीम रझवीच्या रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र टोळ्यांचा, धुडगूस वाढला, तसे कार्यकर्ते संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे गेले आणि बार्शी, उमरखेड, मनमाड अशा भागांत कॅम्प उभे राहिले. तिथून आत येणाऱ्या माणसाला रात्री कुणाच्या तरी घरी आसरा लागे, भाकरी लागे, पुढच्या गावचा निरोप लागे. हे सगळं घरातल्या बाईच्या जिवावर चाले. पत्रकं पोचवणं, हत्यारं लपवणं हीही कामं बायकांनी केली. रझाकारांचा छापा पडला की आधी सापडायची ती घरात असलेली बाईच. आशाताई वाघमारे यांच्यासारख्या मोजक्या कार्यकर्त्या उघडपणे राजकारणात आल्या आणि १९५२ च्या निवडणुकीत हैदराबाद विधानसभेत पोचल्या.

पुढे स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्राची सन्मान निवृत्तिवेतन योजना आली. तिची मुख्य अट किमान ६ महिन्यांच्या तुरुंगवासाची. बायकांसाठी ती ३ महिन्यांवर आणली, हे चांगलंच झालं. भूमिगत म्हणून अर्ज करायचा तर फरारी जाहीर झाल्याचा, डोक्यावर बक्षीस लागल्याचा किंवा स्थानबद्धतेच्या हुकमाचा पुरावा हवा. आता भाकरी थापणाऱ्या बाईच्या नावाने वॉरंट कोण काढणार? सवलत मिळाली तीही तुरुंगाच्याच मापात. त्याच निजामी राज्यातल्या तेलंगणात १९४६ ते १९५१ या काळात शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा झाला. त्यातल्या बायकांच्या आठवणी १९८० च्या दशकात तेलुगूत पुस्तकरूपाने आल्या, त्यांच्याच तोंडून. आपल्याकडे त्या तोडीचं काम वेळेत व्हायला हवं होतं, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

दुसरी बाजू झेंडावंदनाच्या भाषणात सहसा येत नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा सूड मग कितीतरी गावांत निरपराध मुसलमानांवर निघाला. केंद्राने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली सदिच्छा मंडळ पाठवलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते फिरलं. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत त्याने उस्मानाबाद आणि नांदेड धरले. मृतांचा त्याचा अंदाज २७ ते ४० हजारांचा. बलात्कारांची नोंद अहवालात आहे. बायकांना पळवून, काही वेळा थेट सोलापूर-नागपूरकडे नेल्याचीही आहे. हा अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही.

शरणागतीच्या वाटाघाटी, लष्करी गव्हर्नर जे. एन. चौधरी यांचा कारभार, नंतरचं मुलकी सरकार, यांत निर्णय करणारे सगळे पुरुष. तडजोडीच्या टेबलावर बायका हव्यात, युद्धातल्या लैंगिक अत्याचारांचा हिशेब व्हायला हवा, असं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३२५ मध्ये सांगितलं, पण ते ३१ ऑक्टोबर २००० ला. २००७ मध्ये भारताने लायबेरियातल्या शांतिसेनेत पूर्णपणे महिलांची पोलीस तुकडी पाठवली. अशी तुकडी जगात पहिलीच. ठरावावर राष्ट्रीय कृती आराखडा मात्र आपण केलेला नाही.

१९४९ मध्ये संविधान सभेने, तेव्हाचं कायदेमंडळ म्हणून, पळवलेल्या माणसांच्या सुटकेचा कायदा केला, तो फाळणीच्या संदर्भात. १ मार्च १९४७ पासून आणि १ जानेवारी १९४९ पूर्वी पळवलेल्या मुसलमान बायका-मुलांना शोधून आणण्यासाठी. तारखांच्या हिशेबाने उस्मानाबाद-नांदेडच्या बायका त्यात बसत होत्या. कायदा लागू होता तो संयुक्त प्रांत, पूर्व पंजाब, दिल्ली, पेप्सू (पतियाळा आणि पूर्व पंजाबातल्या संस्थानांचा संघ) आणि राजस्थान एवढ्यापुरताच. हैदराबाद राज्य त्यात नव्हतं.