पावसाच्या मुलखातले पूरक सिंचन

‘पूरक सिंचन’ म्हणजे पाऊस ओढ देईल तेवढ्यापुरते पिकाला वरून पाणी देणे. या शब्दातच घोटाळा आहे. पूरक असते ते पाणी. पंप, पाइप आणि विहीर मात्र पूर्णच विकत घ्यावी लागते. पाऊस वेळेवर झाला म्हणून कर्जाचा हप्ता टळत नाही. त्यामुळे चांगल्या पावसाच्या प्रदेशांत हे बहुतेकांना परवडत नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अ‍ॅल्युमिनियमचे हलके पाइप आले, 1952 मध्ये अमेरिकेत सेंटर पिव्हॉटचे, म्हणजे मधल्या खुंट्याभोवती गोल फिरत पाणी फवारणाऱ्या लांब पाइपाच्या यंत्राचे, पेटंट मिळाले. कोरड्या मैदानांवर जन्मलेले हे यंत्र 1970च्या दशकात तिथल्याच जॉर्जिया राज्याच्या नैर्ऋत्य भागात झपाट्याने पसरले. तिथे वर्षाला साधारण 1250 मिमी पाऊस पडतो. पण जमीन वाळूसर, ओल धरत नाही. मक्याला तुरा आणि कणसाला केस येण्याच्या पंधरवड्यात पावसाने ओढ दिली, तर कणसात दाणेच धरत नाहीत. एकरावर 25 मिमी पाणी म्हणजे सुमारे 1 लाख लिटर. ते त्या दिवसांत मिळाले तर पीक वाचते. उशिरा दिले तर नुसते डिझेल जळते. आणि पाणी दिल्यावर लगेच जोराचा पाऊस आला, तर नत्रही मुळांखाली निघून जाते. हा तोटा हिशेबात क्वचितच धरतात.

यंत्र एकदा शेतात उभे राहिले की ते दरवर्षी फिरते. तिथल्या फ्लिंट नदीला भूजलातून मिळणारे पाणी त्यामुळे घटू लागले आणि 2000 साली एक विलक्षण कायदा झाला: दुष्काळी वर्षी सिंचन न करण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे, तेही लिलावाने. 2001च्या पहिल्या लिलावात एकरी सरासरी 136 डॉलर देऊन सुमारे 33,000 एकरांचे पाणी थांबवले गेले. कोरडवाहू पीक घ्यायला मुभा होती. पाण्याला किंमत लावण्याची कल्पना माझ्या मते योग्यच होती. खोड होती तारखेत. दुष्काळ पडणार की नाही, हे 1 मार्चपर्यंत जाहीर करायचे! उन्हाळ्यात पाऊस केव्हा दडी मारेल हे आधी कळत नाही, म्हणून तर शेतकरी एवढे भांडवल गुंतवतो. शिवाय जी जमीन यंदा भिजवायची नव्हतीच, तीही बोलीत येऊ शकत होती. पुढे 2011 आणि 2012 मध्ये दुष्काळ असूनही घोषणा झाली नाही, म्हणून लिलावही नाही.

फ्लिंटचे पाणी पुढे शेजारच्या फ्लोरिडा राज्यातल्या खाडीत जाते. 2013 मध्ये फ्लोरिडाने जॉर्जियावर दावा ठोकला. त्या खाडीतले ऑयस्टर (खाण्याचे शिंपले) जॉर्जियाच्या पाणीउपशामुळेच संपले हे सिद्ध झाले नाही, असे म्हणत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तो फेटाळला.