बांबोळीच्या वाळूत रुतलेली बोट

बांबोळीच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर झुआरीचं मुख आणि पलीकडे मुरगाव बंदर दिसतं. गोवा मुक्त झाला तेव्हा याच पट्ट्यात, काठावरून सहज दिसेल अशी, पाखल्यांची, म्हणजे पोर्तुगीजांची, एक युद्धनौका रुतून पडली होती. तिचं नाव ‘आफोंसो द आल्बुकेर्क’. १५१० साली ज्याने गोवा घेतला, त्याचंच.

१८ डिसेंबर १९६१ च्या दुपारी ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या भारतीय फ्रिगेट मुरगावच्या तोंडाशी आल्या. आफोंसो १९३४ च्या बांधणीची, तिच्यावर १२० मिलिमीटरच्या चार तोफा. समोरच्या बोटी नव्याकोऱ्या, त्यांच्या तोफा भराभर डागणाऱ्या. शरणागती नको, असा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा लिस्बनहून हुकूम होता आणि बोट लढलीही. आफोंसोचे कमांडर आरागांव जबर जखमी झाले, तेव्हा तिला बांबोळीच्या वाळूत चढवलं आणि खलाशी काठावर उतरले. पुढे ‘बेतवा’चे कमांडर गांधी आरागांवना रुग्णालयात भेटून आले.

एवढं आपण दर मुक्तिदिनाला ऐकतो. मला त्याआधीची पंचवीस वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

८ सप्टेंबर १९३६. लिस्बनला तागुस नदीत याच बोटीवरच्या खलाशांनी सालाझारविरुद्ध बंड केलं. स्पेनच्या प्रजासत्ताकाबद्दल त्यांना आपुलकी होती, आणि सोबत्यांना नोकरीवरून काढल्याचा राग होता. ‘दांव’ नावाची दुसरी बोटही त्यात होती. सालाझारने नदीकाठच्या किल्ल्यांवरून आपल्याच बोटींवर तोफा डागायला लावल्या. बंड काही तासांत मोडलं. कित्येक खलाशांची रवानगी केप व्हर्देमधल्या ताराफालच्या छावणीत झाली. त्या छावणीच्या पहिल्या कैद्यांत ही माणसं होती.

त्याच राजवटीने पुढे गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबलं. सांगलीहून मराठी शिकवायला आलेल्या मोहन रानड्यांना तर गोवा सुटल्यावरही १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगातून सोडलं नाही. ताराफालचे खलाशी आणि आपले स्वातंत्र्यसैनिक यांचा तुरुंगवाला एकच होता. गोव्याच्या मुक्तीची गोष्ट सांगताना त्या खलाशांनाही जागा द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

१९६२ मध्ये बोट मुंबईला ओढून नेली आणि पुढे भंगारात काढली.