ट्राउटचा हिशोब आणि पंचगंगेचं पाणी

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ही सगळी मोजदाद माणसांसाठी. माशाला किती पाणी लागतं याचा पद्धतशीर हिशोब सुरू झाला तो अमेरिका-इंग्लंडच्या थंड ओढ्यांतल्या ट्राउट माशावर, आणि त्याला बरंचसं निमित्त धरणांचं होतं.

अमेरिकेच्या पश्चिम भागात विसाव्या शतकात नदीमागून नदी अडवली गेली. धरणाखाली पाणी किती सोडायचं यावरून वाद पेटले. १९७६ साली डोनाल्ड टेनंट यांनी सोपा तोडगा मांडला: वर्षाच्या सरासरी प्रवाहाच्या १० टक्के पाणी राहिलं तर मासे जेमतेम तगतात, ३० टक्क्यांवर बरे जगतात. त्याच सुमारास कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथे सरकारी वन्यजीव खात्याने 'फॅबसिम' पद्धत तयार केली. ओढ्याचे आडवे छेद घ्यायचे, प्रवाह बदलला की खोली आणि वेग किती बदलतो ते काढायचं, आणि त्यातली किती जागा ट्राउटला मानवेल ते मोजायचं. १९८६ च्या कायद्याने वीजप्रकल्पांचे परवाने देताना माशांचाही विचार बंधनकारक केला, तेव्हा अशा आकडेमोडीला आणखी भाव आला. टीका मात्र आधीच सुरू झाली होती, आणि ती रास्तच होती: जागा वाढली म्हणून मासे वाढतातच असं नाही.

हिशोबातून निसटलेली गोष्ट होती पोट. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये जे. एम. इलियट यांनी तपकिरी ट्राउट वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात वाढवून पाहिली. पोटभर खाणं मिळालं तर ती साधारण १३ अंशांवर सर्वांत झपाट्याने वाढते; १९-२० अंशांच्या पुढे वाढ थांबते. खाणं तोकडं पडलं की हाच सोयीचा आकडा आणखी खाली घसरतो. ओढ्यातली ट्राउट बहुतेक वेळा प्रवाहाकडे तोंड करून, वाहत येणारे किडे टिपते. पाणी संथ झालं तर खाणं कमी येतं, फार जोरात असलं तर जागेवर टिकण्यातच ताकद जाते. म्हणजे प्रवाह ताटात किती वाढायचं ते ठरवतो आणि तापमान भूक ठरवतं. दोन्ही सुटे मोजून चालत नाही.

कॅलिफोर्नियात स्टीव्हन रेल्सबॅक आणि ब्रेट हार्वी यांच्या 'इनस्ट्रीम' या संगणकी प्रारूपाने (मॉडेलने) हेच धरलं. संगणकातला प्रत्येक मासा स्वतंत्र. तो रोज जागा निवडतो: खाणं कुठे, शिकाऱ्यापासून आडोसा कुठे, मोठा मासा हुसकावेल का? ओढ्यात शेवटी किती मासे टिकतील हे कुणी आधी ठरवत नाही. ते या निवडींतून उतरतं. माझ्या मते या सगळ्या प्रवासातलं खरं वळण हेच.

ट्राउट कोल्हापुरात नाही. भारतात ती ब्रिटिशांनी काश्मीर आणि निलगिरीच्या थंड पाण्यात आणून सोडली. तिचे १३ अंश पंचगंगेला लावणं हास्यास्पद ठरेल. घ्यायची ती बांधणी. इथे प्रवाह ठरवतात राधानगरीसारखी धरणं, उसाची पाळी आणि कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या फळ्या, निघतात, पावसाळा सरला की पुन्हा बसतात, आणि वाहती नदी तळ्यांची माळ होते. त्यात उन्हाळा. १० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर साडेसातच. वर मळी किंवा सांडपाणी आलं की उरलासुरला प्राणवायूही जातो आणि मेलेले मासे तरंगतात. म्हणून इथल्या प्रारूपात भुकेआधी श्वास घालावा लागेल.

आणखी एक नियम तर उलटाच करावा लागेल. तपकिरी ट्राउट थंडीत गोट्यांत अंडी घालते, त्यामुळे तिच्या प्रारूपात हिवाळी पूर म्हणजे अंडी खरवडून नेणारं संकट. आपल्याकडचे चढणीचे मासे पहिल्या गढूळ पाण्याची वाट पाहतात. पाणी चढलं की तेही वर, ओढ्या-ओघळींत, अंडी घालायला निघतात. अशा माशांसाठी पुराची कमाल उंची दुय्यम. जूनमध्ये पाणी कोणत्या दिवशी चढलं, तेव्हा ते किती अंशांवर होतं आणि वाटेतल्या किती बंधाऱ्यांचे बरगे अजून तसेच होते, या नोंदींपासून सुरुवात करावी लागेल.